आधी शून्यं, मग दशांश

भौतिकशास्त्राच्या जवळपास प्रत्येक प्राथमिक पुस्तकाच्या सुरुवातीला 'एकके आणि मापन' हा धडा असतो, आणि तो जवळपास कुणालाच आवडत नाही. शिकवणारे तो घाईत उरकतात, शिकणारे रूपांतराचं कोष्टक पाठ करतात आणि सगळे गती, बल, ऊर्जा अशा 'खऱ्या' भौतिकशास्त्राकडे वळतात. त्याच धड्याच्या शेवटी एखादं विचित्र उदाहरण दबा धरून बसलेलं असतं: पृथ्वीभोवतीच्या सगळ्या हवेचं वस्तुमान किती असेल, अंदाज करा. वाचणारा गोंधळतो. प्रश्नात एकही आकडा दिलेला नाही, सूत्र सांगितलेलं नाही, मग करायचं काय? आणि 'अंदाज करा' म्हणजे वाटेल ते लिहिलं तरी चालेल का?

एककांचं रूपांतर आणि ढोबळ अंदाज या त्या धड्यातल्या दोन मुख्य गोष्टी. पहिली कारकुनी वाटते, दुसरी थोडी बेजबाबदार. माझ्या मते दोघींचं काम एकच आहे: समोर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणं. फक्त त्या वेगवेगळ्या चुका पकडतात, त्यामुळे एकीवर भागत नाही.

एकक म्हणजे गुणाकार

'५ मीटर' असं लिहिताना आपण एक गुणाकार लिहीत असतो: पाच गुणिले एक मीटर. एकक हा त्या गुणाकारातला हक्काचा घटक आहे. बीजगणितात वरचा 'क्ष' आणि खालचा 'क्ष' जसे कटतात, तसंच वरचं आणि खालचं एककही कटतं. रूपांतराचं सगळं तंत्र एवढ्यावर उभं आहे.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? १,००० मीटर भागिले १ किलोमीटर हा अपूर्णांक घ्या. वर आणि खाली लांबी एकच आहे, म्हणून त्याची किंमत १. तसंच १ तास भागिले ३,६०० सेकंद, त्याचीही किंमत १. कुठल्याही राशीला १ ने कितीही वेळा गुणलं तरी ती बदलत नाही. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या तर हातातल्या कागदांची संख्या बदलते, पैसे तेवढेच राहतात. रूपांतरात याहून वेगळं काही घडत नाही. तर:

७२ किमी/तास × (१,००० मी / १ किमी) × (१ तास / ३,६०० सेकंद) = २० मी/सेकंद

किमी कटला, तास कटला, उरलं मीटर प्रति सेकंद. 'गुणायचं की भागायचं?' हा नेहमीचा घोळ इथे उरतच नाही. अपूर्णांक उलटा लिहिला तर उत्तरात 'चौरस किलोमीटर प्रति मीटर-तास' असलं काहीतरी येतं, आणि ते पाहून कुणालाही कळतं की गाडी रुळावरून घसरली आहे. '५/१८ ने गुणा' हा पाठ केलेला नियम चुकीचा नाही, पण तो एकाच रूपांतराला उपयोगी पडतो आणि परीक्षेच्या गडबडीत त्याचा १८/५ होतो. तेव्हा सावध करायला तिथे कुणी नसतं.

क्षेत्रफळ आणि घनफळ आलं की बरेच जण पडतात. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून एका घनमीटरमध्ये १०० घनसेंटिमीटर असं वाटतं. पण घनमीटर म्हणजे मीटर × मीटर × मीटर, त्यामुळे १०० तीनदा गुणायचा: दहा लाख. पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि १,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या का, ते यातून उलगडतं. दहा लाखांनी गुणलं आणि ग्रॅमचे किलो करताना हजाराने भागलं. पावसाचा हिशेबही असाच सुटतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ०.००१ घनमीटर पाणी, म्हणजे बरोबर एक लिटर.

तापमान मात्र या शिस्तीत बसत नाही, कारण सेल्सिअस आणि फॅरेनहाइट यांची शून्यं वेगवेगळ्या जागी आहेत. तापमान २ अंश सेल्सिअस असेल तर ते ३५.६ अंश फॅरेनहाइट. पण तापमान २ अंश सेल्सिअसने *वाढलं* तर ती वाढ ३.६ अंश फॅरेनहाइट. वाढीच्या आकड्यात ३२ मिळवले की हवामानबदलाच्या साध्या वाक्याचा प्रलय होतो.

आणखी एक नेहमीची गल्लत किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांची. किलोवॅट हा ऊर्जा खर्च होण्याचा वेग आहे, किलोवॅट-तास ही खर्च झालेली ऊर्जा. १,००० जूल प्रति सेकंद × ३,६०० सेकंद = ३६ लाख जूल, सेकंद कटला. ही ऊर्जा किती? एक टन वजनाची मोटार सुमारे ३६० मीटर उंच उचलायला पुरेल इतकी.

१.७७ कसले?

एकक न लिहिण्याची किंमत काय असते याचं सर्वांत बोलकं उदाहरण २३ जुलै १९८३ चं आहे. एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं उड्डाण मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान नवंकोरं बोईंग ७६७. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता, आणि कंपनीच्या जुन्या विमानांत पाउंडांचा हिशेब असताना या नव्या विमानाचा हिशेब किलोग्रॅममध्ये होता. टाकीतलं इंधन दाखवणारी यंत्रणा बंद असल्यामुळे ते मोजपट्टीने मोजलं गेलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलोग्रॅम.

लिटरचं वजन काढायला घनता लागते. वापरलेला आकडा होता १.७७. त्याने ७,६८२ ला गुणून १३,५९७ आले. २२,३०० मधून ते वजा करून ८,७०३ उरले. त्याला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१६ लिटर आले, आणि तेवढं इंधन भरलं गेलं.

या आकडेमोडीत चूक सापडत नाही. १.७७ हा आकडाही खोटा नव्हता. फक्त तो *पाउंड* प्रति लिटर होता. किलोग्रॅम प्रति लिटर हवा असेल तर आकडा ०.८०३ आहे. त्यामुळे टाकीतल्या सुमारे १२,६०० लिटर इंधनाचं वजन जेमतेम १०,१०० किलोग्रॅम होतं, गरजेच्या निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते अजस्र विमान ग्लायडरसारखं तरंगवत गिमली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. विमानातले ६९ जण वाचले.

आता तीच आकडेमोड एककांसह लिहून पाहा. ७,६८२ लिटर × १.७७ पाउंड/लिटर = १३,५९७ पाउंड. पुढची ओळ: २२,३०० किलोग्रॅम उणे १३,५९७ पाउंड. इथे कुणाचाही हात थबकतो, कारण ही वजाबाकी करताच येत नाही.

मंगळावर जाणाऱ्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाचं दैव इतकं बलवत्तर नव्हतं. डिसेंबर १९९८ मध्ये निघालेलं हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताना नष्ट झालं. छोट्या इंजिनांनी दिलेला आवेग, म्हणजे बल गुणिले काळ, एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदात लिहिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून वाचला. फरक ४.४५ पटीचा. महिनोन्‌महिने साचलेल्या या फरकामुळे यान ठरलेल्या सव्वादोनशे किलोमीटरऐवजी सुमारे ५७ किलोमीटर उंचीवर मंगळाच्या वातावरणात घुसलं.

एकक काळाच्या ओघात हरवलं तरी तीच गत होते. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सावल्यांच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला: २,५०,००० स्टेडिया. पद्धत अप्रतिम. पण त्याचा एक स्टेडियन नेमका किती मीटरचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १५७ मीटर धरला तर परीघ ३९,००० किलोमीटरच्या पुढे जेमतेम जातो, म्हणजे थक्क करणारी अचूकता. १८५ मीटर धरला तर ४६,००० च्या वर. आकडा शाबूत आहे, अर्थ मात्र धूसर झाला आहे.

दहाचा घात

आता दुसरी गोष्ट, जिला इंग्रजी पुस्तकांच्या सवयीने सगळे 'ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड' म्हणतात. अर्थ साधा आहे: संख्या दहाच्या कितव्या घाताच्या सर्वांत जवळ आहे? १०^७ म्हणजे एकावर सात शून्यं, आपला एक कोटी. १०^-३ म्हणजे एक हजारांश. दोन राशींच्या घातांत एकाचा फरक असेल तर त्या साधारण दसपटीने लहान-मोठ्या, तिनाचा असेल तर हजारपटीने.

संख्येचा जवळचा घात ठरवताना एक बारीक मुद्दा येतो. ४,००० ही संख्या १,००० च्या जवळ की १०,००० च्या? वजाबाकी केली तर १,००० च्या. पण इथे आपण पटींत विचार करतो: ४,००० ही १,००० च्या चौपट आहे, आणि १०,००० ही ४,००० च्या फक्त अडीचपट. म्हणून तिचा घात ४. पटींच्या मापाने सीमारेषा १० च्या वर्गमुळावर, म्हणजे ३.१६ वर पडते. काही पाठ्यपुस्तकं सोयीसाठी ५ ही सीमा धरतात. परीक्षेत आपल्या पुस्तकाचा नियम पाळावा. एरवी या सीमेवरून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ढोबळ अंदाजात तेवढी ढील असतेच.

हवेचं वस्तुमान, एकही आकडा न दिलेलं

सुरुवातीचा प्रश्न आता सोडवू. युक्ती ही, की माहीत नसलेल्या मोठ्या राशीचे असे तुकडे करायचे जे आपल्याला थोडेफार माहीत आहेत. सगळ्या हवेचं वस्तुमान म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवरच्या हवेचं वस्तुमान गुणिले पृथ्वीच्या पृष्ठभागाचे चौरस मीटर.

पहिला तुकडा. विहिरीच्या काठावर बसवलेला, पाणी ओढून घेणारा पंप कितीही ताकदीचा असला तरी सुमारे १० मीटरपेक्षा खोलवरचं पाणी वर आणू शकत नाही. पाणी वर ढकलण्याचं काम बाहेरच्या हवेचा दाब करतो आणि १० मीटर पाण्याच्या स्तंभापाशी तो दमतो. (टॉरिचेल्लीने सतराव्या शतकात हेच पाऱ्यावर दाखवलं, पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून त्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटरवर थांबतो.) याचा अर्थ आपल्या डोक्यावरची सगळी हवा वजनाला १० मीटर खोल पाण्याच्या थराइतकी आहे. एक चौरस मीटरवर १० मीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० किलोग्रॅम. दहा टन!

दुसरा तुकडा. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. हा आकडा इतका गोल असणं हा योगायोग नाही: १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तोच उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. परिघाला ६.२८ ने भागलं की त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर, म्हणजे ६.४ × १०^६ मीटर. गोलाचं पृष्ठफळ ४ × पाय (३.१४) × त्रिज्येचा वर्ग: सुमारे ५ × १०^१४ चौरस मीटर.

गुणाकार: १०^४ किग्रॅ/चौ. मी. × ५ × १०^१४ चौ. मी. = ५ × १०^१८ किलोग्रॅम. चौरस मीटर कटले, किलोग्रॅम उरले. शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक काढलेला आकडा सुमारे ५.१ × १०^१८ किलोग्रॅम आहे. इतकं नेमकं जुळणं ही थोडी मेहेरबानीच. २ × १०^१८ आलं असतं तरी मी अंदाज चांगला म्हटला असता.

असे अंदाज करायला डोक्यात फार सामान लागत नाही. पाण्याची घनता, हवेची घनता सुमारे १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, प्रकाशाचा ३ × १०^८ मीटर, अणूचा व्यास १०^-१० मीटरच्या आसपास, वर्षाचे सेकंद ३ × १०^७. शेवटचे दोन मोठे आकडे गुणले की प्रकाशवर्ष सुमारे १०^१६ मीटर येतं, आणि ते अंतर आहे, काळ नव्हे, हे एककंच सांगतात: मीटर/सेकंद × सेकंद.

हे तर अंदाजपंचे दाहोदरसे!

रास्त शंका. प्रत्येक तुकड्यात चूक आहे, मग त्या चुका गुणत जाऊन उत्तराचा विचका कसा होत नाही?

समजा चार तुकडे आहेत आणि प्रत्येकात आपण दुपटीने चुकू शकतो. सगळ्या चुका एकाच दिशेने झाल्या तर उत्तर १६ पट चुकेल. पण चुका एकमेकींशी संगनमत करत नाहीत. एक तुकडा जास्त धरला जातो, दुसरा कमी, आणि त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. संख्याशास्त्र सांगतं की अशा चार स्वतंत्र चुकांची मिळून ठराविक चूक चौपटीच्या आसपास असते, १६ पट नव्हे. म्हणूनच एक मोठा आकडा थेट मनाने ठोकण्यापेक्षा त्याचे चार तुकडे करणं शहाणपणाचं. अट एवढीच, की प्रत्येक तुकड्यात वरचढ आकडा धरण्याची सवय नसावी. मग चुका एकाच दिशेला जातात.

तुकड्याबद्दलही काही कल्पना नसेल तर? तेव्हा दोन टोकं पकडायची. डोक्यावर केस किती? एका चौरस सेंटिमीटरमध्ये १० पेक्षा नक्की जास्त, नाहीतर टाळू लख्ख दिसला असता. १,००० पेक्षा नक्की कमी. मधला आकडा म्हणून दोन्हींची सरासरी ५०५ घेऊ नका. ती वरच्या टोकापासून फक्त दुपटीने, तर खालच्या टोकापासून पन्नासपटीने दूर आहे. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या: १००. दोन्ही टोकांपासून दसपट. केसांचा भाग सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर धरला तर ६०,००० केस. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात असं मानलं जातं. घात बरोबर आला.

या कलेचा उस्ताद म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुचाचणीच्या वेळी तो स्फोटापासून सुमारे १६ किलोमीटर दूर उभा होता. धक्क्याची लाट येण्याआधी, येताना आणि गेल्यावर त्याने कागदाचे कपटे हातातून सोडले. लाटेने ते सुमारे अडीच मीटर सरकले, त्यावरून त्याने स्फोटाची ताकद दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी सांगितली. आज ती २० ते २५ हजार टनांच्या दरम्यान मानली जाते. कागदाच्या कपट्यांवरून दोन-अडीच पटीची चूक!

कॅल्क्युलेटर असताना हा खटाटोप कशाला?

कारण कॅल्क्युलेटरला काय विचारलंय ते त्याला कळत नाही. १०^-१९ मधलं ऋण चिन्ह दाबायचं राहिलं तरी तो तितक्याच आत्मविश्वासाने दहा अंक दाखवतो, आणि ते दहा अंकच आपल्याला भुलवतात. एका उदाहरणात हाताने फेकलेल्या चेंडूचा वेग ४,०००.३७ मी/सेकंद आला तर बहुतेक उत्तरपत्रिकांत शेवटचा ७ काळजीपूर्वक उतरवलेला सापडेल. तो वेग आवाजाच्या बारा पट आहे, हे फारसं कुणी पाहत नाही.

म्हणून क्रम असा असावा: आकडेमोडीआधी घाताचा अंदाज, मग एककांसह मांडणी, आणि शेवटी कॅल्क्युलेटर. शाळेत गुण नेमके उलट्या क्रमाने मिळतात, ही गोष्ट मला खटकते. दुसऱ्या दशांश स्थळाच्या चुकीला आणि दहा लाखपटीच्या चुकीला सारखाच अर्धा गुण कापला जात असेल, तर विद्यार्थी शून्यं मोजायला शिकणार कशाला?

मग ढोबळ अंदाजाने ते विमान अडवलं असतं का?

दहाच्या घातापुरतं बोलायचं तर नाही. पाउंड आणि किलोग्रॅम यांच्यात फक्त २.२ पटीचा फरक आहे, आणि असा फरक ढोबळ अंदाजाच्या जाळीतून आरामात निसटतो. तो पकडायला एककांची काटाकाटच हवी. उलट, सूत्रच चुकीचं घेतलं किंवा मूळ आकड्यात तीन शून्यं जास्त लिहिली, तर एककं निमूटपणे कटतात आणि काहीच बोलत नाहीत. तिथे अंदाज कामाला येतो.

पण त्या विमानाच्या बाबतीत एक तिसरी वाटही होती. घनतेचा आकडा १.७७ किलोग्रॅम प्रति लिटर असता, तर ते इंधन पाण्याच्या पावणेदोन पट जड ठरलं असतं. विमानाचं इंधन रॉकेलच्या जातीचं असतं आणि रॉकेल पाण्यावर तरंगतं. म्हणजे किलोमध्ये तो आकडा १ च्या आतच असायला हवा. ओळखीच्या एका पदार्थाशी तुलना केली की २.२ पटीची चूकही उघडी पडते. पाण्याची घनता पाठ असण्याचा फायदा तो हा. परीक्षेतल्या एका गुणापेक्षा तो मोठा आहे.

एककांमधून सूत्र

एककं चुका पकडतात इथवर ठीक. कधी कधी ती चक्क सूत्र शोधून देतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर याने त्याच अणुचाचणीच्या प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांवरून स्फोटाची ऊर्जा काढली आणि १९५० मध्ये ती छापली. त्याचं गणित खोल होतं, पण गाभा एककांत आहे.

स्फोटाचा तप्त गोळा फुगतोय. त्याची त्रिज्या कशावर अवलंबून असेल? सोडलेली ऊर्जा, सरलेला काळ आणि बाजूला सारावी लागणारी हवा, म्हणजे तिची घनता. ऊर्जेचं एकक जूल, म्हणजे किग्रॅ × मीटर वर्ग ÷ सेकंद वर्ग. किलोग्रॅम फक्त घनतेतच आहे, म्हणून घनता एकदा घ्यायची. तिच्यासोबत 'भागिले घनमीटर' येतं. मीटरचा वर्ग उरायला हवा, म्हणून त्रिज्येचा पाचवा घात. आणि खाली काळाचा वर्ग. झालं:

ऊर्जा ≈ घनता × त्रिज्या^५ ÷ काळ^२

दुसरी कुठलीच जुळणी बसत नाही. स्फोटानंतर ०.०२५ सेकंदांनी गोळ्याची त्रिज्या सुमारे १४० मीटर होती. १.२ × १४०^५ ÷ ०.०२५^२ केलं की सुमारे १०^१४ जूल येतात. एक टन टीएनटी म्हणजे ४.२ × १०^९ जूल, म्हणून उत्तर सुमारे २४ हजार टन. एक छायाचित्र, त्यावरची मोजपट्टी आणि वेळ, बस्स.

कुठे फसतं

या यशाने हुरळून जाऊ नये, कारण टेलरच्या उदाहरणात नशिबाचाही हात आहे. एककं जुळवून सूत्र मिळतं तेव्हा त्यातला शुद्ध आकडा, म्हणजे अर्धा, ४ पाय यांसारखा गुणक, कळत नाही. स्फोटाच्या सूत्रात तो सुदैवाने १ च्या जवळ आहे. लंबकाच्या बाबतीत तसं नाही. लांबी भागिले गुरुत्वत्वरण यांचं वर्गमूळ एवढीच जुळणी सेकंद देते. १ मीटरच्या लंबकाला हे सूत्र ०.३२ सेकंद सांगतं, खरा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, २ सेकंद. मधला २ पाय एककांना दिसतच नाही. बलाचा आघूर्ण (बलाचा वस्तू फिरवण्याचा परिणाम) आणि ऊर्जा या दोन वेगळ्या राशींचं एककही एकच, न्यूटन-मीटर. तिथेही एककं गप्प.

पाचवा घातही दुधारी आहे. त्रिज्या मोजताना २० टक्क्यांची चूक झाली तर ऊर्जा अडीच पट चुकते, कारण १.२ पाच वेळा गुणला की जवळपास २.५ होतो. सूत्रात उंच घात दिसला की त्या राशीपुरता ढोबळपणा सोडावा लागतो.

सर्वांत मोठा धोका वजाबाकीत आहे. गुणाकारात चुकीची *पट* कायम राहते, पण दोन जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत छोटी चूक उत्तराला गिळून टाकते. हायड्रोजनच्या चार अणूंचं वस्तुमान ४.०३१ अणुवस्तुमान एककं, आणि त्यांच्यापासून सूर्याच्या पोटात शेवटी बनणाऱ्या हेलियमच्या एका अणूचं ४.००३. हा ०.०२८ चा, म्हणजे ०.७ टक्क्यांचा फरक ऊर्जा बनून बाहेर पडतो. दोन्ही संख्या ढोबळपणे ४ धरल्या तर फरक शून्य येतो, आणि आपल्या हिशेबातला सूर्य चमकतच नाही.